पावसात डुबिया झुरळांचा डबा बिघडतो तेव्हा: लक्षणं, आणि क्रमाने करायच्या तपासण्या

मिरगाचा पाऊस बसला की दोन-तीन आठवड्यांत फोन सुरू होतात. अलिबाग असो, गुहागर असो की वेंगुर्ला, तक्रार तीच: मे महिन्यापर्यंत पिल्लांनी भरलेला डुबियाचा, म्हणजे पाळीव सरड्या-बेडकांना खायला घालण्यासाठी वाढवलेल्या झुरळांचा, डबा वास मारायला लागतो, झुरळं मरतात, आणि बिअर्डेड ड्रॅगन सरड्याला किंवा पॅकमॅन बेडकाला आता काय घालायचं हा प्रश्न उभा राहतो. हेच डबे पुन्हा पुन्हा रिकामे करून, पुसून, परत उभे करून माझं एक मत पक्कं झालं आहे. कोकणात डुबिया थंडीने क्वचितच मरतात, उपासमारीने तर जवळजवळ नाहीच. त्यांना मारते ती ओल. डुबिया पाळण्याबद्दल जे सल्ले फिरत असतात ते बहुतेक कोरड्या नाहीतर थंड मुलखातल्या लोकांचे असतात: पाणी फवारा, दमटपणा टिकवा, झाकणाला भोकं कमी ठेवा. जुलै महिन्यात रत्नागिरीत हे पाळलं तर डबा सडणारच.

आधी लक्षणं बघा

डबा उघडून लगेच साफ करायला घेऊ नका. कारण शोधायचं तर खुणा जागेवर राहायला हव्यात.

- वास: चांगल्या डब्याला सुक्या कोंड्याचा, थोडा मातकट वास असतो. नाकात झणझणणारा अमोनिया किंवा आंबूस, कुजकट वास आला म्हणजे तळाच्या लेंड्या ओल्या झाल्यात.
- अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे हाताला मऊ लागतात, त्यांच्यावर राखाडी किंवा हिरवट बुरशी असते.
- खाण्याच्या ताटलीच्या कडेला फिकट पिठूळ धूळ दिसते आणि ती हळूहळू सरकते. ही धान्यातली माइट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड.
- कुबड आल्यासारख्या बारीक माश्या, उडण्यापेक्षा झटक्याझटक्याने धावणाऱ्या. यांना फोरिड माशी म्हणतात. त्यांच्या अळ्या ओल्या लेंड्यांत आणि मेलेल्या झुरळांत वाढतात.
- तळाशी पिवळसर, सुकलेल्या शेंगेसारखा कोष. डुबियाची मादी अंडकोष पोटातच ठेवते आणि जिवंत पिल्लं देते. तो बाहेर टाकलेला दिसला तर मादीला बहुधा काहीतरी सोसवत नाही.
- मेलेली झुरळं. हे नीट बघा, कारण मरण्याची तऱ्हाच कारण सांगते. काळी पडून मऊ झालेली, दाबली तर आतून पातळ निघणारी झुरळं म्हणजे ओल आणि जिवाणू. उताणी पडून पाय झटकत राहिलेली म्हणजे कीटकनाशक. अंग कडक होऊन सांध्यांतून आधी पांढरी, मग हिरवी भुकटी फुटलेली म्हणजे कीटकांवर जगणारी बुरशी.

दोन गोष्टींनी मात्र घाबरू नका. कात टाकलेलं झुरळ काही तास पांढरंशुभ्र असतं, ते आजारी नसतं. आणि तळाशी पडलेल्या पातळ, पोकळ, पारदर्शक काती म्हणजे प्रेतं नव्हेत. उलट पिल्लं वाढत असल्याची ती खूण आहे.

पहिली तपासणी: ओलं खाणं (खर्च काही नाही)

गाजर, लाल भोपळा, पपई, केळं, हापूसची साल, जे काही ओलं टाकता ते किती वेळ डब्यात राहतं? उन्हाळ्यात दोन दिवस राहिलं तरी ते सुकून जातं. पावसात तेच एका रात्रीत पाणी सोडतं आणि दुसऱ्या रात्री बुरशी धरतं. म्हणून जून ते सप्टेंबर ओलं खाणं संध्याकाळी द्यावं आणि सकाळी उरलेलं काढून टाकावं, तेही थेट लेंड्यांवर न ठेवता झाकणात किंवा ताटलीत. सकाळी काहीच उरलं नाही तर मोजमाप बरोबर आहे. फणसाची चारखंडं या दिवसांत नकोत. झुरळांना फार आवडतात, पण एवढं पाणी आणि साखर डब्याला झेपत नाही.

पाण्याची उघडी वाटी असेल तर ती काढा. पाण्याचे जेल स्फटिक चालतील, पण थोडे, आणि तेही ताटलीतच. डबा कोरडा आणि पाणी त्यात एका जागी बांधलेलं, हे सूत्र मी सगळ्यांना सांगते. डबाभर पाणी फवारण्याची सवय असेल तर आजपासून बंद.

एवढ्यानेच बरेच डबे सुधारतात. वरची लक्षणं सौम्य असतील तर इथेच थांबा आणि आठवडाभर बघा.

दुसरी तपासणी: मीठ

दमटपणा मोजायला डिजिटल हायग्रोमीटर मिळतो आणि तो घ्यावा, पण त्याआधी चिमूटभर कोरडं साधं मीठ बाटलीच्या झाकणात घालून, झुरळं पोचणार नाहीत अशा जागी, डब्याच्या आत झाकणाखाली चिकटवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. सकाळी ते ओलं दिसलं तर तुमचा डबा ७५ च्या वर आहे, आणि त्या आर्द्रतेत माइट आणि बुरशी दोन्ही मजेत वाढतात. डुबियाला ४० ते ६० टक्के पुरतात. ६५ च्या खाली आणलं तरी माइटची वाढ मंदावते.

याच मिठाने हायग्रोमीटरही तपासता येतो. स्वस्त मीटर दहा-दहा टक्के चुकतात आणि लोक त्यांच्यावर विश्वास ठेवून बसतात. झाकणात मीठ घ्या, ते चिखलासारखं होईल एवढंच पाणी घाला, मीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. मीटरने ७५ दाखवायला हवं. ८३ दाखवलं तर पुढे प्रत्येक आकड्यातून ८ वजा करा.

तिसरी तपासणी: डबा कुठे आहे

चिऱ्याच्या भिंती पावसात पाणी पितात. त्या भिंतीला टेकलेला किंवा थेट जमिनीवर ठेवलेला डबा बाहेरून गार राहतो आणि आतल्या हवेतलं पाणी त्याच बाजूला थेंब होऊन जमतं. डबा भिंतीपासून वीतभर दूर, बाकावर किंवा मांडणीवर ठेवा. पडवी नको, तिथे झड येते. न्हाणीघराजवळ नको. घरातली सगळ्यात कोरडी खोली बहुधा स्वयंपाकघर असते, पण तिथे झुरळांचा डबा ठेवू नये. त्याचं कारण शेवटी येईल. माळा कोरडा असेल तर उत्तम, फक्त उंदीर येत नाहीत ना ते बघा.

मुंग्यांचंही इथेच उरकून घ्या. पावसात वारुळात पाणी शिरलं की मुंग्या घरात चढतात, आणि कात टाकून मऊ पडलेलं झुरळ त्यांना पळू न शकणारं अन्न असतं. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची आपली जुनी पद्धत अगदी योग्य आहे. त्या पाण्यात थोडा साबण घाला आणि आठवड्याला बदला, नाहीतर डास तिथेच अंडी घालतील. खडू किंवा पावडर मात्र अजिबात नको, आणि पुढची तपासणी त्याबद्दलच आहे.

चौथी तपासणी: विष

झुरळं उताणी पडून पाय झटकत असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी हे बघा. डासांची कॉइल, प्लगमध्ये लावायचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू, या बहुतेकांत पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं. आपण ते ज्या झुरळांसाठी वापरतो त्यांच्यात आणि डुबियात औषधाला फरक कळत नाही. पावसात खिडक्या बंद, डास जास्त, कॉइल रात्रभर चालू. मग बंद खोलीतल्या डब्यात औषध साठत जातं. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत गावात डासांसाठी धूरफवारणी होते, तेव्हा डबा आधीच आतल्या खोलीत नेऊन त्यावर कापड टाका आणि धूर पूर्ण विरल्यावर खिडक्या उघडा.

देवगड-रत्नागिरी पट्ट्यात आणखी एक हंगाम सांभाळावा लागतो. आंब्याला मोहोर यायच्या सुमाराला तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात, काजूवर ढेकण्यासाठी होतात. त्यांतही पायरेथ्रॉइड असतात. बाग घराला लागून असेल तर फवारणीच्या दिवशी वाऱ्याच्या बाजूची खिडकी बंद ठेवा, आणि फवारणीचे कपडे घालून डब्याला हात लावू नका. बागेतली पानं, साली, भाज्या धुतल्याशिवाय द्यायच्या नाहीत.

शंका असेल तर खात्री करायला सोपं आहे. दहा-बारा धडधाकट झुरळं नव्या डब्यात, नव्या ट्रेसह, शेजारच्या किंवा नातेवाइकांच्या घरी ठेवा. तिथे दोन-तीन दिवसांत एकही मेलं नाही आणि तुमच्याकडे मरत राहिली, तर दोष झुरळांत नसून तुमच्या डब्यात किंवा खोलीत आहे. विषाने मेलेली किंवा झटके देणारी झुरळं प्राण्याला कधीही घालू नयेत.

पाचवी तपासणी: ट्रे आणि तळ

मऊ पडलेला ट्रे सुकवून परत वापरू नका, बुरशीचे धागे पुठ्ठ्याच्या आत गेलेले असतात. सुक्या मासळीची बेगमी करतो तशी मे महिन्यातच ट्रेची बेगमी करावी: कडक उन्हात दोन दिवस तापवून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत. ट्रे उभे लावा, आडवे नकोत. उभ्या ट्रेवरून लेंड्या खाली पडतात आणि मधून हवा खेळते.

तळाच्या लेंड्या ओल्या असतील तर सगळ्या काढा. कोरड्या असतील तर मात्र घाई नको, एक-दोन सेंटिमीटरचा थर राहू द्या, कारण लहान पिल्लं मोठ्यांच्या लेंड्या खातात आणि पचनाला लागणारे जिवाणू त्यांना त्यातूनच मिळतात. दर आठवड्याला डबा घासूनपुसून लख्ख करणाऱ्यांकडे पिल्लं मरतात ती यामुळेच. काढलेल्या लेंड्या चाळणीने चाळा; स्वयंपाकातली चाळण नको, वेगळी ठेवा. नवजात पिल्लू दोन-तीन मिलिमीटरचं असतं आणि लेंड्यांच्या भुशात सहज हरवतं, म्हणून चाळलेला सुका भुसा दुसऱ्या डब्यात महिनाभर, गाजराच्या एका तुकड्यासोबत ठेवून द्या. त्यातून निघणारी पिल्लं बघून लोक चकित होतात. हे सगळं करताना मास्क लावा.

सहावी तपासणी: सुकं खाणं

माइट डब्यात उडून येत नाही, बहुधा कोंड्यातून येते. गव्हाचा कोंडा, ओट्स किंवा जे काही सुकं खाणं असेल ते आणल्यावर तीन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा. माइट, टोके, पोरकिडे सगळे मरतात. मग हवाबंद बरणीत भरा आणि एका वेळी दोन दिवस पुरेल इतकंच द्या. तांदळाचा कोंडा आपल्याकडे स्वस्त मिळतो, पण त्यातलं तेल लवकर खवट होतं आणि दमट हवेत तर फारच लवकर, म्हणून मी तो पावसाळ्यात वापरत नाही.

माइट किती आहे ते बघायला रात्री केळ्याचा तुकडा झाकणात ठेवा आणि सकाळी काळ्या कागदावर झटकून मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. रोज रात्री असा तुकडा ठेवून सकाळी माइटसकट गरम पाण्यात टाकला तर संख्या झपाट्याने उतरते, पण आर्द्रता खाली आणली नाही तर ती परत येणारच.

कुत्र्याचं किंवा मांजराचं खाणं हे डुबियाचं मुख्य अन्न करू नका. पिल्लं भराभर वाढतात हे खरं. पण झुरळ जास्तीचं नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपाने अंगात साठवतं, आणि तेच तुमच्या सरड्याच्या पोटात जातं. सरपटणाऱ्या प्राण्यांना गाउट, म्हणजे युरिक आम्ल साठून सांधे सुजण्याचा आजार, होण्याचा धोका अशाने वाढतो.

सातवी तपासणी: हवा

इथून हत्यार लागतं. झाकण उघडून बघा: आतल्या बाजूला सकाळी थेंब असतील तर हवा पुरत नाही. झाकणात एकच मोठं भोक उपयोगाचं नाही. एक खिडकी झाकणात आणि दुसरी डब्याच्या बाजूला, वरच्या तिसऱ्या भागात कापा, म्हणजे गरम दमट हवा वरून जाते आणि बाजूने नवी येते. नायलॉनची मच्छरजाळी झुरळं कुरतडतात, म्हणून स्टीलची बारीक जाळी बसवा. फोरिड माश्या असतील तर तिच्यावर बाहेरून मलमलचं कापड ताणून लावा, कारण साध्या जाळीतूनही त्या आत घुसतात. डुबियाला गुळगुळीत प्लास्टिक चढता येत नाही, त्यामुळे बाजूची खिडकी ट्रेपासून लांब ठेवली की पुरे.

आठवी तपासणी: ऊब

इतक्यावरही मीठ ओलं होत असेल तर डबा थोडा गरम करावा लागतो. इथे थंडी घालवायचा हेतू नाही, हवा कोरडी करायचा आहे. खोलीत २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल आणि डब्यातली तीच हवा ३२ अंशांवर नेली, तर पाणी तेवढंच राहूनही सापेक्ष आर्द्रता ६४ टक्क्यांच्या आसपास उतरते. शिवाय ३० ते ३२ अंश ही डुबियाच्या विणीला सर्वांत मानवणारी ऊब आहे. एवढ्या उबेत मादी साधारण दोन महिन्यांनी पिल्लं देते, २४-२५ अंशांत ती फार रेंगाळते.

हीट मॅट (विजेवर गरम होणारी पातळ चटई) डब्याच्या बाहेरून, बाजूला, एका अर्ध्या भागाला लावा, म्हणजे झुरळांना गार कोपराही राहतो. तळाखाली लावली तर लेंड्यांचा थर उष्णता अडवून धरतो आणि प्लास्टिक तापत जातं. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेल्या उबेला मॅट आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, मॅट लावू नका. वारंवार लाईट जात असेल तर काळजी नको, डुबिया काही तासांच्या गारव्याने मरत नाहीत.

नववी: डबा फोडून नव्याने मांडणं

काळी, मऊ प्रेतं रोज निघत असतील तर दुरुस्ती करत बसू नका. टणक, चपळ, स्वच्छ अंगाची झुरळं निवडा, एका नराला तीन ते पाच माद्या या हिशेबाने. जुन्या डब्यातलं दुसरं काहीही न घेता नव्या डब्यात टाका आणि तीन आठवडे वेगळं ठेवा. जुने ट्रे जाळा.

हिरवी भुकटी दिसली तर आणखी कडक वागा. माडावरच्या गेंड्या भुंग्यासाठी शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम ही बुरशी टाकतात. बागायतीसाठी ती फार चांगली, पण ती झुरळांनाही मारते आणि हाता-कपड्यांवरून डब्यात येऊ शकते. खतात काम केल्यावर हात धुऊन, कपडे बदलूनच डब्याकडे जा, आणि परड्यातला पालापाचोळा डब्यात घालू नका.

पिल्लू प्रौढ व्हायला चार ते सहा महिने लागतात. म्हणजे जुलैत बसलेला डबा पुन्हा भरघोस व्हायला पुढचं वर्ष उजाडतं. यासाठीच मी दोन डबे, दोन वेगळ्या खोल्यांत ठेवायला सांगते.

तोवर बिघडलेल्या डब्यातलं एकही झुरळ प्राण्याला घालू नका. प्रौढ बिअर्डेड ड्रॅगनचं बरंचसं खाणं पालेभाज्यांचं असतं, त्याचं निभावतं. प्रौढ पॅकमॅन बेडूक आठवडाभर सहज थांबतो. स्वच्छ गांडूळखतातली गांडुळंही चालतात, मात्र खतातली लाल आयसेनिया जात काही बेडूक तोंडातून टाकून देतात. घरातली झुरळं पकडून घालणं पूर्ण टाळा, ती कुठलं औषध खाऊन आली ते कळत नाही.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

प्राणी खात नसेल आणि सुस्त असेल, उलटी करत असेल, पाय थरथरत असतील किंवा सांधे सुजले असतील तर डबा दुरुस्त करण्यात दिवस घालवू नका. सरपटणारे प्राणी बघणारे पशुवैद्य गावोगावी नाहीत. कोल्हापूर, पुणे, मुंबई किंवा गोव्यात आधी फोनवर विचारून घ्या की ते सरडे-बेडूक तपासतात का. जाताना झुरळं काय खात होती ते लिहून न्या. हा नंबर आजच शोधून ठेवा.

डबा उघडल्यावर तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला शिंका, अंगावर पित्त, डोळ्यांना सूज किंवा छातीत घरघर होत असेल तर माणसांच्या डॉक्टरांकडे जा आणि झुरळं पाळतो हे स्पष्ट सांगा. लेंड्यांची धूळ दमा वाढवते. कोळंबी किंवा कुर्ल्या खाऊन ज्यांना त्रास होतो त्यांनी विशेष जपावं: ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन कोळंबीत, कुर्ल्यांत आणि झुरळांत इतकं सारखं असतं की एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याची होऊ शकते. डबा स्वयंपाकघरात नको म्हटलं ते यासाठी. श्वास लागत असेल तर पाळणं सोडून द्या, दुसरा इलाज शोधू नका.

मॅट किंवा तिची वायर ओलसर झाली, हाताला झिणझिणी आली, प्लग काळा पडला, तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. घरात ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर पावसाळ्यात हीट मॅट लावूच नका.

आणि हे सगळं परदेशी, कायदेशीर मार्गाने घेतलेल्या प्राण्यांसाठी आहे. घोरपड, आपल्याकडचा शॅमेलिऑन सरडा, पावसात खळ्यात येणारा मोठा बेडूक हे घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. जखमी सापडले तर वनविभागाला कळवा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर काही परदेशी जातींचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, तुमची जात त्या यादीत आहे का ते बघा.

टाकून द्यायचा डबा परड्यात किंवा व्हाळात रिकामा करू नका. डुबिया दक्षिण अमेरिकेतले, आणि आपल्या हवेत ऊब आणि ओल दोन्ही आहे. झुरळं, लेंड्या, ट्रे सगळं पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा, मग खोल खड्ड्यात पुरा. डबा गरम पाणी आणि साबणाने धुऊन, पावसाने उघडीप दिली की उन्हात पूर्ण वाळवा.